निंबाखालच्या गाडीचं स्टीअरिंग

मी काम काय करत होतो असं कुणी विचारलं की मी 'गाड्यांचा धंदा' असं सांगतो. समोरचा माणूस लगेच सावरून बसतो. मग गाड्या विकण्याचा नव्हे, गाड्या मोडण्याचा, हेही सांगावं लागतं, आणि तो पुन्हा सैल होतो. आयुष्यभर हे पाहत आलो. गाडी जोडणाऱ्याला खुर्ची मिळते आणि मोडणाऱ्याला पायरी. पण खरं सांगतो, गाडी मोडणाऱ्यालाच ती काकणभर जास्त कळते. लग्न लावणाऱ्या भटजीपेक्षा घरच्या सासूला सून जास्त कळावी, तशातली गत.

लढाई संपून काही वर्षं झाली होती. गोरे निघून गेले, त्यांच्या गाड्या मात्र इथेच राहिल्या. देहूरोडला लष्कराच्या जुन्या मालाचा लिलाव व्हायचा. त्या मालाला सगळे 'डिस्पोजल' म्हणायचे. आमचे मालक इस्माईलशेठ लिलावात लॉऱ्या, जीपा, पाण्याच्या टाक्या असं जे मिळेल ते घ्यायचे आणि चिंचवड-आकुर्डीच्या मधे, मुंबई रस्त्याच्या कडेला त्यांचं आवार होतं, तिथे आणून टाकायचे. आज त्या बाजूला कारखान्यांच्या भिंती संपत नाहीत. तेव्हा रस्ता होता, रेल्वेचे रूळ होते, बाभळी होत्या आणि बाकी सगळी ज्वारी. पिंपरीला कुठे एखादं धुराडं उठू लागलं होतं, तर लोक मुद्दाम बघायला जायचे.

आमचं आवार म्हणजे गवतात उभ्या राहिलेल्या गाड्यांचं गाव होतं. लॉरीच्या दारातून घोसाळ्याचा वेल चढायचा, त्याची भाजी आमच्या घरी व्हायची. हेडलाइटच्या वाटीत साळुंकी अंडी घालायची आणि पिल्लं उडेपर्यंत त्या गाडीला हात लावायचा नाही, असा शेठचा हुकूम होता. दुपारी वारा सुटला की सगळ्या उघड्या दारांतून एकदम करकर आवाज यायचा. मला वाटायचं, गाड्या बोलताहेत. कुणी बर्मा पाहिलेली, कुणी वाळवंट, आणि आता सगळ्या आकुर्डीच्या ज्वारीकडे बघत बसलेल्या. अशा वेळी माझ्या हातातला पाना तसाच राहायचा आणि शेठ लांबून ओरडायचे, "बबन, जागा हो रे!"

गिऱ्हाईकं तर एकेक नग. उसाच्या गुऱ्हाळवाल्याला इंजिनचं जड चाक हवं असायचं. तमाशाच्या फडातले एक मास्तर फक्त भोंगा शोधत आले होते; त्यांनी आवारातले सगळे भोंगे वाजवून पाहिले आणि "सूर न्हाई" म्हणून हात हलवत निघून गेले. तळेगावच्या एका पाटलाने जीपची सीट नेली ती ओसरीवर टाकायला. त्यावर बसून ते म्हणे न्यायनिवाडा करायचे. असल्या गिऱ्हाइकांना मी कधी हसलो नाही. मोडलेल्या गाडीतून ज्याला जे दिसतं ते त्याचं, एवढं या धंद्यात मी शिकलो.

शेठचा एक नेम होता. गाडी मोडायला घेतली की इंजिन काढा, दारं काढा, सीटा काढा, पण स्टीअरिंग सगळ्यांत शेवटी. त्याला कारण साधं होतं. स्टीअरिंग आहे तोवर सांगाडा ढकलत कुठेही नेता येतो, वळवता येतो. ते काढलं की पुढची चाकं वाटेल तशी तिरकी होतात आणि गाडी जिथे आहे तिथे कायमची बसते. म्हणून स्टीअरिंग काढायच्या आधी शेठ विचारायचे, "हिची जागा ठरली?" जागा ठरवायची, गाडी तिथे न्यायची, तोंड कुठे करायचं ते करायचं, आणि मगच पाना लावायचा. नवा माणूस आला की त्याला हे आधी सांगावं लागे. मला त्यात नेहमी थोडं गलबलायचं. शेठ मुसलमान, पण खंडेनवमीला प्रत्येक स्टीअरिंगला झेंडूची माळ ते स्वतः घालायचे. ज्या गाडीचं स्टीअरिंग गेलं तिला माळ नाही.

आवाराच्या टोकाला एक कडुनिंब होता आणि त्याखाली एक छोटी विलायती गाडी उभी होती. कुण्या साहेबाची असावी. काळपट हिरवा रंग, बसायला दोन माणसं, इंजिन नाही. बाकी अंगाने धड. एका दिवाळीला शेठ मला म्हणाले, "ती निंबाखालची तुझी. इंजिन मिळालं की घेऊन जा." मी इंजिनच्या शोधात होतो. पण खरं सांगू, शोधायची फार घाई नव्हती, कारण गाडी चालतच होती.

कशी, ते सांगतो. रविवारी आवाराची राखण माझ्याकडे असायची. आमची खोली आकुर्डी गावात. माझी बायको हिरा दुपारी भाकरी घेऊन यायची आणि आम्ही दोघं त्या गाडीत बसून जेवायचो. एक दिवस जेवण झाल्यावर ती सहज स्टीअरिंगवर बसली आणि म्हणाली, "कुठं जायाचं?" मी म्हटलं, समुद्रावर. मी शेठबरोबर एकदा मुंबईच्या गोदीत जाऊन आलो होतो, म्हणून मला घाट माहीत होता. हिरा तळेगावच्या पुढे कधी गेली नव्हती. मी डोळे मिटून रस्ता सांगायचो, ती गाडी चालवायची. देहूरोड, वडगाव, लोणावळा, मग घाट. "आता डावीकडे. अजून. आता लगेच उजवीकडे, दरी आहे!" ती दोन्ही हातांनी स्टीअरिंग ओढायची, ओठ आवळून. मधे शेळ्या आल्या तर थांबायची. मी जास्त बोललो तर म्हणायची, "चालवणाऱ्याशी बोलू न्हाई, एवढं बी कळत न्हाई व्हय?"

समुद्र म्हणजे काय हे तिला सांगताना माझी फार पंचाईत व्हायची.

"इंद्रायणीला पूर आल्यावर दिसतं तसं?" ती विचारायची.

"तसंच, पण पलीकडचा काठच नाही."

"काठ न्हाई? मग पाणी ऱ्हातं कशाला धरून?"

मग ती स्टीअरिंगवर हनुवटी टेकवून समोरच्या ज्वारीकडे बघत राहायची. पीक भरात असलं की वाऱ्याने त्यावरून लाटा जायच्या. "हां, दिसला," ती म्हणायची. गाडी ती नेहमी झाडाखाली लावायची. समुद्राला झाडं नसतात असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाली, "आपल्या समुद्राला हायती." अशी आमची गाडी चालायची. ते दिवस आठवले की अजून छातीत ऊब येते.

अशात एक दिवस नर्सबाई आवारात आल्या.

नर्सबाई म्हणजे अनसूयाबाई. चाकणच्या दवाखान्यात बाळंतपणं करायच्या. विधवा होत्या, महाळुंग्याला भावाकडे राहायच्या. महाळुंगे माझंही गाव, त्यामुळे ओळख जुनी. अंगाने लहानखुऱ्या, आवाज मात्र खणखणीत. आसपासच्या सगळ्या वाड्यावस्त्यांवर त्यांना बोलावणं यायचं आणि जायला बैलगाडी. बरोबर त्यांचा भाऊ होता, किसन सुतार. त्याच्या हातात बाभळीची काठी आणि काठीवर मापाच्या खाचा.

किसन म्हणाला, "बबनराव, मोटार करतोय. घरी."

मला वाटलं थट्टा आहे. पण त्याने खरंच एका अपघातात चुरा झालेल्या छोट्या व्हॅनचा सांगाडा मिळवला होता. इंजिन शाबूत, चाकं शाबूत. वरचं अंग तो सागवानाचं करत होता. फक्त स्टीअरिंगचा दांडा पेटीसकट पार वाकून गेला होता. तेवढं दुसऱ्या गाडीचं हवं होतं.

"चालवणार कोण?" मी विचारलं.

"मी," बाई म्हणाल्या. "बाळ काय बैलाच्या चालीनं येत न्हाई, भाऊ. गेल्या आठवड्यात शेलूच्या वाटेवर बैल बसला, आन् मी पोचस्तवर सगळं झालेलं व्हतं. आईच्या मांडीवर गार पडलेलं लेकरू. मला पुन्यांदा तसं पोचायचं न्हाई."

मी त्यांना दांडे दाखवायला घेऊन गेलो.

वाचकांसाठी एवढं सांगतो. स्टीअरिंग म्हणजे नुसतं हातातलं गोल नव्हे. त्याखाली लांब दांडा असतो, दांड्याच्या तळाशी दात्यांची लोखंडी पेटी, आणि पेटीतून खाली लोंबणारा एक आखूड हात. आपण गोल फिरवतो, पेटी तो हात मागेपुढे हलवते आणि तो हात चाकांना ओढतो. एका गाडीचा दांडा दुसरीला बसवायचा तर लांबी बघावी लागते, तिरपेपणा बघावा लागतो, चालवणाऱ्याच्या दंडात जोर किती तेही बघावं लागतं. आणि ढिलाई बघायची ती कडेला नाही, मधोमध. पेटी मधेच झिजते, कारण गाडी जन्मभर जास्त करून सरळच जाते. नवशिका गोल पुरं फिरवून बघतो आणि फसतो. मी मधे धरून नखाएवढं हलवायचो आणि दांड्याला कान लावायचो.

बाईंना एका उपड्या पिंपावर बसवलं आणि एकेक दांडा पुढे धरला. लॉरीचा धरला तर त्या उभ्याच राहिल्या. "ह्यो तर मोटंचा नाडा ओढल्यागत हाय." दुसऱ्या लॉरीचा इतका लांब की गोल त्यांच्या हनुवटीला लागलं. मग जीपचा. हलका, बेताचा, किसनच्या खाचांना बरोबर. बाईंचा चेहरा खुलला.

मी म्हटलं, "थांबा. ही जीप अमेरिकन. डावीकडे बसून चालवायची. तुमचा सांगाडा उजवीकडचा. ही पेटी तशीच उचलून उजवीकडे बसवली, तर तिचा हात चाकांना उलटा ओढेल. गोल उजवीकडे फिरवल्यावर गाडी जाईल डावीकडे."

"मग पेटीचा हात वरच्या अंगानं काढू," किसन म्हणाला.

"वर इंजिन आडवं येईल."

"मग ताईला डावीकडं बसवू."

"पायातले ब्रेक-क्लच सगळे उजवीकडे, त्याचं काय करणार?"

किसन डोकं खाजवत राहिला. बाई आवारभर नजर फिरवत होत्या. त्यांची नजर निंबाखाली थांबली.

"आन् ती?"

"ती विकायची नाही," मी म्हणालो. फार पटकन म्हणालो. शेठ जवळच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चिलीम झटकायच्या निमित्ताने पाठ केली. बाईंनी पुन्हा विचारलं नाही. त्या जीपचाच दांडा घेऊन गेल्या. "बसवून तर बघू," म्हणाल्या.

पुढे जे झालं ते आमच्याच मुलखात होऊ जाणे. मी सांगितलं तेच झालं, गाडी उलटी वळू लागली. दुसऱ्या कुणी दांडा परत आणून टाकला असता. नर्सबाईंनी ठरवलं की गाडी उलटी आहे ना, मग आपण उलटं शिकू. किसनने त्यांना आधार दिला. म्हणे, न्हावी आरशात बघून स्वतःची दाढी करतोच की.

मी एकदा महाळुंग्याला गेलो, तर खळ्यावर ही गर्दी. सागवानी अंगाची ती मोटार, अजून रंग नाही, नुसतं तेल पाजलेलं लाकूड उन्हात चमकतंय, आणि आत नर्सबाई, पदर खोचून. उजवीकडे जायचं तर हात डावीकडे, डावीकडे जायचं तर उजवीकडे. गाडी खळ्यावर गोल फिरत होती, वळसे घेत होती. म्हातारीकोतारी टाळ्या वाजवत होती. शेजारी उभा असलेला एक जण अभिमानाने म्हणाला, "आमची बाई उलटी गाडी सुलट चालवती, राव!" क्षणभर मलाही वाटून गेलं, जमेल की. किती सुरेख फिरत होती ती.

तेवढ्यात दावं तोडून एक कालवड आडवी आली. बाईंनी तिला चुकवायला स्टीअरिंग फिरवलं. पण घाईत हात जसा जायचा तसाच गेला, आपल्या सगळ्यांचा जातो तसा. गाडी कालवडीला चुकवायच्या ऐवजी तिच्याकडेच वळली. कालवड उडी मारून निसटली म्हणून वाचली. गाडी सरळ कडब्याच्या गंजीत घुसली.

सगळे धावले. बाई कडब्यातून बाहेर आल्या त्या हसत. डोक्यात काड्या, कपाळावर ओरखडा. "अजून हात बसला न्हाई," म्हणाल्या. लोकही हसले. मी हसलो नाही, कारण मी त्यांचे हात बघत होतो. हसतानाही त्यांनी पदराचं टोक मुठीत पिळून धरलं होतं. शेलूच्या वाटेवरच्या ओढ्यावर फरशीचा बुटका पूल आहे आणि त्या फरशीला तेव्हा कठडा नव्हता. तिथे कालवड आडवी आली तर गंजी नाही, खाली खडक.

"बाई, ही रस्त्यावर काढू नका," मी म्हटलं.

"मग काय करू? तुमच्याकडं दुसरा दांडा हाय का?"

या प्रश्नाला खरं उत्तर होतं आणि मी ते दिलं नाही. सायकल काढली आणि निघालो. रस्ताभर माझं हँडल डावीकडे-उजवीकडे हलवून बघत होतो, हाताला उलटं शिकवता येतं का. येत नव्हतं.

रविवार आला. हिरा भाकरी घेऊन आली. जेवण झालं, ती स्टीअरिंगवर बसली. मी रस्ता सांगायला लागलो, पण माझा देहूरोडच संपेना.

"आज गाडीत मन न्हाई तुमचं," ती म्हणाली. "काय झालंय?"

मी सगळं सांगितलं. कालवड, गंजी, बाईंचे हात, ओढ्याची फरशी. ती ऐकत होती आणि ऐकता ऐकता स्टीअरिंग हळूहळू फिरवत होती.

"म्हंजे मी घाटात दरी चुकवाया असा हात मारला," तिने गोल डावीकडे ओढलं, "तर गाडी दरीतच जाणार?"

"हो."

"आन् ह्या गाडीचा दांडा त्यांना बसतोय?"

मी मान डोलावली. किसनच्या काठीवरच्या खाचा मी कधीच मनातल्या मनात लावून पाहिल्या होत्या. तिरपेपणा तोच, लांबी तीच. तसा दुसरा दांडा आवारात नव्हता, देहूरोडलाही नव्हता.

हिराने हात स्टीअरिंगवरून काढले आणि मांडीवर ठेवले. समोर ज्वारी कापून झाली होती. नुसते सड उभे होते, त्यामुळे त्या दिवशी समुद्र दिसतही नव्हता. तिचे डोळे भरून आले होते. माझेही आले.

"काढा," ती म्हणाली. "आपली गाडी कुठं पळून चालली हाय? बाळाला मातर थांबाया सांगता येत न्हाई."

मी म्हटलं, "स्टीअरिंग गेलं की ही परत उभी राहणार नाही, हिरा. इंजिन मिळालं तरी नाही."

"ठावं हाय मला. मोडणाऱ्याचीच बायको हाय मी."

दुसऱ्या दिवशी शेठना सांगितलं. ते म्हणाले, "देख बबन, गाडी तुझी आहे. मी बोललो ते बोललो. मी हिला पाना नाही लावणार, तू लाव." मग नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारलाच. "हिची जागा ठरली?"

मी म्हणणार होतो, आहे तिथेच राहू दे. पण हिरा माझ्या मागे येऊन उभी होती. ती म्हणाली, "ठरली. समुद्राकडं तोंड करून."

शेठना काही कळलं नाही, पण त्यांनी विचारलं नाही. पश्चिम कुठली ते त्यांना चांगलं माहीत होतं. रोज पाच वेळा तिकडेच तोंड करायचे. रुळांच्या बाजूचा एक कोपरा त्यांनी बोटाने दाखवला. तिथून लांबवर डोंगर दिसायचे आणि संध्याकाळी त्यांच्या मागे आभाळ लाल व्हायचं.

नर्सबाई आणि किसन आले. गाडीच्या चाकांत हवा नव्हती, भोवती गवत गुडघाभर. मी, शेठ आणि किसन मागून लागलो. बाईंनीही पदर खोचून खांदा लावला. आत, स्टीअरिंगवर, हिरा.

"ढकला," ती म्हणाली.

गाडी आधी हललीच नाही. मग गवताची मुळं तुटल्याचा आवाज आला आणि ती निंबाखालून बाहेर पडली. खरीखुरी चालायला लागली. हिराच्या तोंडून बारीक किंकाळी निघाली आणि मग ती एकदम गप्प झाली, ओठ आवळून, घाटातल्यासारखी. हवा नसलेली चाकं वळवायला जड, ती सीटवरून अर्धी उठून दोन्ही हातांनी गोल ओढत होती. वाटेत लॉरीचा सांगाडा आला, तो तिने डावीकडून चुकवला. टाकीला उजवीकडून वळसा घातला. मी सवयीने रस्ता सांगायला तोंड उघडलं, तर आतून आवाज आला, "बोलू नका, मला दिसतोय!" भोंगा बंद होता, म्हणून तिने तोंडानेच 'पोंऽ पोंऽ' केलं. शेठ धापा टाकत हसत होते, बाई हसत होत्या, किसनचं मुंडासं सुटून चाकाखाली गेलं. मला हसू आणि रडू एकदमच येत होतं. निंबापासून रुळांपर्यंत, एवढाच काय तो प्रवास. पण तो आमच्या गाडीचा खरा प्रवास होता आणि गाडी हिराने चालवली.

कोपऱ्यात पोचल्यावर तिने गाडी सरळ केली, पश्चिमेकडे. खाली उतरली. पदराने गोल पुसलं, कडेने, मधून, खालून. मग बाजूला झाली.

मी पाना लावला. दांडा पेटीसकट बाहेर आला. देण्याआधी पेटी उघडून बघायची आमची रीत होती. शेठनी उजेडात धरून दाते पाहिले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अजब आहे. मधे काहीच घिसलं नाही. घिसलं आहे ते कडेला. ये गाडी तो जन्मभर घाटात चालली आहे!" हिराने माझ्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. आता त्या साहेबाची गाडी खरंच कुठल्या डोंगरात असेल, असं धंद्यातलं शहाणपण मला सांगतं. पण मी त्या शहाणपणाचं फारसं ऐकत नाही.

बाई निघताना हिराजवळ गेल्या. "वैनी, ह्याच गाडीतनं तुमाला एकदा समुद्रावर नेईन." हिरा म्हणाली, "आधी शेलूला जावा."

सागवानी मोटार पुढे कितीतरी वर्षं चाकणच्या रस्त्यांवर धावली. ओढ्याच्या फरशीवरून गेली, चिखलातून गेली. समुद्राला जायला बाईंना कधी सवड झाली नाही. कुणाचं ना कुणाचं बाळ यायचंच. आमच्या थोरलीच्या वेळी हिरा माहेरी, चाकणजवळच होती. बाई आल्या त्या त्याच गाडीतून, आणि वेळेत आल्या. आत हिरा कळा देत होती आणि बाहेर मला काही सुचत नव्हतं, म्हणून मी त्या मोटारीत बसून स्टीअरिंग मधे धरून हलवत होतो. नखाएवढीही ढिलाई नव्हती. आतून हिराचा आवाज आला, "दांडा कसा हाय?" बाई ओरडल्या, "अगं, दांड्याचं सोड, जोर लाव!" त्यानंतर थोड्याच वेळात थोरली रडली.

कोपऱ्यातल्या गाडीत आम्ही रविवारी बसतच राहिलो. समोर स्टीअरिंगच्या जागी नुसतं भोक. पहिल्या दिवशी मी विचारलं, "आता कुठे जायचं?" हिरा म्हणाली, "ती नेईल तिकडं." मग रस्ता सांगायचं माझं काम संपलं. ती डोळे मिटून बसायची, मीही बसायचो. कुठे कुठे जाऊन आलो, ते दोघांनी एकमेकांना कधी सांगितलं नाही. पुढे आवार गेलं, शेठ गेले, त्या जागेवर कारखाना आला. गाडी मीच मोडली. दुसऱ्या कुणाला मोडू दिली नाही.

माझं काम सुटल्यावर एकदा मुलींनी आग्रह केला, तेव्हा आम्ही दोघं एस.टी.ने अलिबागला गेलो. घाट आला तसा हिराने समोरच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरली आणि प्रत्येक वळणाला ओढू लागली. शेजारच्या बाईने विचारलं, "मळमळतंय का?" हिरा म्हणाली, "न्हाई, चालवतीय."

समुद्रावर पोचलो तेव्हा ओहोटी होती. ती वाळूत बराच वेळ उभी राहिली. मी काही बोललो नाही, चालवणाऱ्याशी बोलू नये हे मला एव्हाना कळलं होतं. पलीकडचा काठ खरंच दिसत नव्हता. शेवटी तिने पाण्याच्या कडेला झाड शोधलं, एकही नव्हतं, आणि मग ती माझा हात धरून हळूच म्हणाली, "लहान झालाय हो. आपण गाडीनं यायचो तवा केवढा व्हता."